पुंगळीचा धातू आणि पुरवठ्याचे गणित

काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ आठवते. एनफिल्ड रायफलीच्या कागदी काडतुसाला गाय आणि डुकराची चरबी लावली असल्याच्या वार्तेने बंगाल लष्करातील शिपायांचा असंतोष पेटला. दारूला ओल लागू नये आणि गोळी नळीत सहज सरकावी, एवढाच त्या लेपाचा तांत्रिक हेतू होता. परंतु काडतूस कशाचे करावे आणि त्यावर कोणता थर द्यावा, हा प्रश्न केवळ कारखान्याचा नसतो, हे तेव्हाच दिसून आले. आज तोच प्रश्न निराळ्या स्वरूपात पुन्हा उभा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या करारानुसार अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली तयार करण्याचे ठरले. रायफलीची चर्चा भरपूर झाली. ती ज्या काडतुसावर चालणार, त्याच्या पुंगळीचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही.

पुंगळी म्हणजे निव्वळ दारूची डबी नव्हे. घोडा दाबताच आतील दाब वातावरणाच्या सुमारे साडेतीन हजार पट होतो. त्या क्षणी पुंगळी फुगून रायफलीच्या कोठ्याला घट्ट चिकटली पाहिजे, म्हणजे तप्त वायू सैनिकाच्या तोंडाकडे उलटणार नाही. पुढच्याच क्षणी ती किंचित आकुंचन पावली पाहिजे, म्हणजे रायफलीतील आकडा तिला बाहेर ओढू शकेल. फुगणे आणि सैलावणे ही दोन्ही कामे पितळ उत्तम करते. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त या मिश्रणाला धातुशास्त्रात ‘काडतुसी पितळ’ असेच नाव पडले आहे. पुंगळी दुबळी असली तर काय होते, याचा अनुभव ब्रिटिशांनी १८८४-८५ च्या सुदान मोहिमेत घेतला. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली मार्टिनी-हेन्रीची काडतुसे उष्णतेत आणि वाळूत अडकून बसली. त्यानंतर अखंड पितळेतून ओढून काढलेल्या पुंगळ्यांना प्राधान्य मिळाले.

मात्र पितळही निर्दोष नाही, आणि हा धडा जगाला हिंदुस्थानातील पावसाळ्यानेच दिला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्कराने पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप भेगा पडू लागल्या. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना धातूत राहिलेला ताण या तिन्हींचा हा एकत्रित परिणाम होता. त्याचा शास्त्रीय उलगडा व्हायला १९२१ साल उजाडावे लागले. घडवलेली पुंगळी सौम्य तापवून तो ताण काढून टाकणे हा त्यावरचा उपाय आहे.

पितळेचा खरा दोष वेगळाच आहे. त्यातील तांबे महाग असते आणि युद्धकाळात दुर्मीळ होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने याच कारणाने पोलादी पुंगळ्यांचा मार्ग धरला. अमेरिकेने १९४३ मध्ये तांबे वाचवण्यासाठी एक सेंटचे नाणेसुद्धा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. सोव्हिएत संघात तर एके-४७ च्या काडतुसासाठी पोलादी पुंगळी हीच पुढे रूढ झाली. पोलाद पितळेइतके सैलावत नाही. त्या काडतुसाचा आकार टोकाकडे ठळकपणे निमुळता असल्याने ही अडचण सौम्य होते आणि पुंगळी सहज सुटते.

पोलाद गंजते, म्हणून लेप अटळ ठरतो. पितळी पातेल्याला कल्हई का करतात हे आपल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. तत्त्व तेच आहे. पोलादी पुंगळीवर वार्निशसारखा लाखी थर, तांब्याचा वा जस्ताचा पातळ मुलामा किंवा अलीकडे पॉलिमरचा थर चढवतात. हा थर गंज रोखतो आणि घर्षणही कमी करतो. परंतु हाताळणीत तो खरवडला गेला, तर नेमक्या त्याच जागी गंज सुरू होतो. कोकणच्या किनाऱ्यावर किंवा ईशान्येच्या जंगलात ही बाब क्षुल्लक म्हणता येणार नाही.

जगात प्रयोग थांबलेले नाहीत. अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मिमी रायफलीच्या काडतुसाची एक आवृत्ती संमिश्र आहे: तळ पोलादी, तर वरचा भाग पितळी. नेहमीपेक्षा बराच अधिक दाब पेलण्यासाठी ही योजना आहे. वजन घटवण्यासाठी पॉलिमरच्या पुंगळ्याही चाचणीत आहेत. हे पाहून आपल्याकडेही ‘पितळ टाका’ असा सूर निघू शकतो. त्यापूर्वी साधा हिशेब केलेला बरा.

५.५६ मिमी काडतुसाची पितळी पुंगळी साधारण ६ ग्रॅमची असते. एक कोटी काडतुसांना ६० टन पितळ लागते आणि त्यात ४२ टन तांबे असते. देशाच्या लाखो टनांच्या मागणीपुढे हा आकडा नगण्य आहे. शांततेच्या काळात तांब्याअभावी काडतुसे अडतील, ही भीती म्हणूनच अनाठायी आहे. पण २०१८ मध्ये तुतिकोरीनचा तांबेशुद्धी कारखाना बंद पडल्यावर भारत शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार झाला. नवे कारखाने उभे राहिले तरी त्यांना लागणारे खनिज मुख्यतः परदेशातूनच येते. मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांब्याने टनामागे ११ हजार डॉलरची पातळी ओलांडली. दीर्घ युद्धात काडतुसांचा खप अनेक पटींनी वाढतो, तोफगोळ्यांची आणि वीजसामग्रीची मागणीही त्याच धातूवर येऊन पडते, आणि सागरी मार्गही निर्धोक राहत नाहीत. उलट पोलादाच्या उत्पादनात भारत जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि जस्ताचे मोठे साठे राजस्थानात आहेत.

तेव्हा पितळ की पोलाद, असा हा वाद नाही. नित्याचे काडतूस पितळीच राहावे, पण लेपित पोलादी पुंगळीची क्षमता राखीव म्हणून आजच सिद्ध करावी, हे शहाणपणाचे ठरेल. त्यासाठी परिस्थितीही अनुकूल आहे. १८६९ पासून चालत आलेला पुण्याचा खडकी दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आहेत. कानपूरमध्ये खासगी क्षेत्रही उतरले आहे. मात्र लेपाची परीक्षा प्रयोगशाळेत पुरी होत नाही. चार पावसाळे, वाळवंटातील उन्हाळा आणि हिमालयातील थंडी सोसलेले काडतूस रायफलीतून विनासायास बाहेर पडते का, हे पाहायला वर्षे लागतात. युद्ध सुरू झाल्यावर तो वेळ मिळणार नाही. आणि पुंगळी अडकलीच, तर त्याची किंमत हिशेबनिसाला नव्हे, सीमेवरच्या जवानाला मोजावी लागेल.