मध्यरात्रीची घंटा

यंदा आमच्या वर्गात 'माझी स्टार्टअप कल्पना' या विषयावर प्रत्येकाला पाच मिनिटे बोलायचे होते. बहुतेकांची सुरुवात एकच होती, "मी एक ॲप काढणार आहे." मीही तेच म्हणालो. सरांनी विचारले, "कोणासाठी?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

2004 मध्ये ऑर्कुट आणि फेसबुक दोन्ही सुरू झाले. ऑर्कुट भारतात घरोघरी पोहोचले, पण 2014 मध्ये बंद झाले. व्हॉट्सॲप 2009 मध्ये निघाले, तेव्हा ते निरोपांसाठी नव्हतेच. आपण कामात आहोत की मोकळे, एवढेच त्यावर दाखवायचे होते. लोक त्यातूनच एकमेकांशी बोलू लागले, हे जॅन कूम यांनी पाहिले आणि ॲप बदलले. 2015 मध्ये आलेल्या शेअरचॅटने इंग्रजी बाजूला ठेवून मराठी, हिंदी अशा आपल्या भाषा घेतल्या. माझ्या मते दोन्ही ठिकाणी कल्पनेपेक्षा माणसांकडे पाहणे जास्त उपयोगी पडले.

याहून जुने उदाहरण आपल्याच मराठी राजाचे आहे. तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाताना ओरत्तनाडु लागते. तिथे दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबा यांच्या नावाने छत्र बांधले. छत्र म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा आणि अन्नछत्र. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांची अशी अनेक छत्रे होती. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, तरी ही छत्रे चालू राहावीत म्हणून राजांनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिले. छत्रांत कोणत्याही जातीच्या वाटसरूला जेवण मिळते, वैद्य आणि शिक्षक असतात, अनाथ मुलांना सांभाळले जाते, असे त्यात सांगितले आहे. जेवण मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई, "जेवायचे कोणी राहिले असेल तर यावे."

ही घंटा मला फार आवडली. आजच्या फोनमध्येही घंटा आहे. पण ती बहुतेक वेळा पोट भरलेल्यालाच पुन्हा पानावर बसवते. सुट्टीत घरी गेल्यावर मी स्वतः एकेक तास असाच घालवला आहे. राहिलेल्याला बोलावणारी घंटा मला कोणत्याही ॲपमध्ये दिसली नाही.

कोणी म्हणेल, छत्र हा राजाचा दानधर्म, तो स्टार्टअप कसा? नफ्याचा हेतू नव्हता, हे खरे. पण खर्च होताच, आणि तो भागावा म्हणून छत्रांना गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते. गरज ओळखा, वाटेवर योग्य ठिकाणी सोय करा, पैशाची तजवीज करा. आज स्टार्टअपवाले तरी वेगळे काय करतात?

सरांच्या प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर आहे. रविवारी घरी फोन करायला रांग लागते. आम्ही मोठे कॅडेट पुढे असतो. वेळ संपते तेव्हा मागे उरतो तो सहावीतला नवा मुलगा. तो तक्रार करत नाही, रात्री पांघरुणात रडतो. मीही सहावीत असताना रडलो आहे. आता दहावीत असल्यामुळे पुढे उभा राहतो, याची मला लाज वाटते.

माझी कल्पना अशी: एक वही, एक पेन्सिल. फोन झाला की नावापुढे खूण करायची. वेळ संपायच्या पंधरा मिनिटे आधी हाऊस कॅप्टनने घंटा वाजवून विचारायचे, "कोणाचा फोन राहिला आहे?" ज्याचा राहिला असेल, तो पुढे. पुढच्या रविवारी रांग त्याच्यापासूनच सुरू.

याला ॲप लागत नाही आणि भांडवलही लागत नाही. वही मी आणली आहे. मोठ्या कॅडेटनी रांगेत मागे सरकायची तयारी दाखवावी, एवढीच विनंती आहे.