सर्वात ज्येष्ठ महिला खासदार, तरी पक्षाने दोनदा निलंबित का केलं?

ब्रिटनच्या संसदेत सर्वाधिक काळ सलग निवडून आलेल्या महिला खासदाराला 'मदर ऑफ द हाऊस' म्हणतात. २०२४ पासून हा मान डायन ॲबट यांच्याकडे आला. पण जुलै २०२५ मध्ये त्यांच्याच लेबर पक्षाने त्यांना निलंबित केलं. तेही दुसऱ्यांदा.

कोण आहेत ॲबट?

जन्म १९५३ चा, लंडनमधला. आईवडील जमैकाहून आलेले. आई नर्स, वडील वेल्डर. १९८७ मध्ये हॅकनी नॉर्थ अँड स्टोक न्यूइंग्टनमधून जिंकून त्या ब्रिटनच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला खासदार झाल्या. गोव्यात मुळं असलेले कीथ वाझही त्याच निवडणुकीत संसदेत पोहोचले होते.

वाद कशावरून?

एप्रिल २०२३ मध्ये त्यांचं एक पत्र 'ऑब्झर्व्हर'मध्ये छापून आलं. ज्यू, आयरिश आणि ट्रॅव्हलर समाजाला पूर्वग्रह सोसावे लागतात, पण कृष्णवर्णीयांसारखा आयुष्यभराचा वंशवाद नाही, असा त्याचा सूर होता. ज्यूंच्या छळाचा इतिहास पाहता टीका होणारच होती. ॲबट यांनी माफी मागितली, तरी निलंबन झालं. ते मे २०२४ मध्ये उठलं. २०२५ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत त्यांनी या प्रकरणाचा पश्चात्ताप नसल्याचं सांगितलं आणि पुन्हा कारवाई झाली.

मग खासदारकी जाते का?

नाही. आपल्याकडे व्हिप म्हणजे मतदानाचा आदेश. तिथे 'व्हिप काढून घेतला' म्हणजे खासदार संसदीय पक्षाबाहेर. तो अपक्ष म्हणून बसतो. खरी कोंडी तिकीटवाटपात होते. २०२४ मध्येही ॲबट यांना तिकीट मिळणार की नाही, हे ऐन निवडणुकीत अनेक दिवस अधांतरी होतं. मिळालं, आणि त्या १५ हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. शेजारच्या इस्लिंग्टन नॉर्थमध्ये तर पक्षाबाहेर पडलेले जेरेमी कॉर्बिन अपक्ष लढून जिंकले.

यातून काय दिसतं?

ॲम्नेस्टीच्या अभ्यासानुसार, २०१७ च्या निवडणुकीआधी महिला खासदारांना आलेल्या शिवीगाळ करणाऱ्या ट्विट्सपैकी जवळपास निम्मी एकट्या ॲबट यांना होती. वंशवाद इतका सोसलेल्या व्यक्तीचं मतही दुसऱ्याचं दुःख मोजताना चुकू शकतं. पण त्या चुकीची शिक्षा कोणी ठरवायची, पक्षाने की ३८ वर्षं निवडून देणाऱ्या मतदारांनी? तुम्हाला काय वाटतं?