पुसण्याचा अधिकार आणि लिहिण्याचे कर्तव्य

कचेरीतील एखादी नस्ती नष्ट करावयाची असेल तर कारकुनाला ती उचलून शेगडीत घालता येत नाही. तिचे वर्गीकरण पाहावे लागते, जतनाची मुदत संपली की नाही हे तपासावे लागते, वरिष्ठाची संमती घ्यावी लागते आणि काय नष्ट केले याची नोंद मागे ठेवावी लागते. केंद्र सरकार व त्याचे उपक्रम यांच्या दप्तराला १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने हे बंधन घातले. संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही त्याच व्याख्येत घेतली आणि नियमभंगास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. ही लाल फीत नव्हे. दप्तर नाहीसे झाले की पहिला घाव कुळावर, निवृत्तिवेतनधारकावर आणि मजुरावर पडतो. बलवंताजवळ दुसरी प्रतही असते आणि वकीलही असतो.

आज नस्ती संगणकात गेली आहे आणि ती हाताळण्याचे काम 'एआय एजंट' नावाच्या नव्या हस्तकाकडे सोपविले जात आहे. सांगितलेल्या कामाच्या पायऱ्या हा हस्तक स्वतःच ठरवितो आणि दिलेली अवजारे वापरून त्या पार पाडतो. फाईल पुसणे हेही त्यांपैकीच एक अवजार. हे अवजार आतून कसे चालते ते एजंटाला सामान्यतः दिसत नाही. त्याच्या हाती पडते ते अवजाराचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती पुरवावयाची याची यादी. तेव्हा माणसासाठी जे केवळ माहितीपत्रक, तेच एजंटासाठी सेवानियम ठरतात.

आणि या सेवानियमांत 'फाईल काढून टाकते' एवढेच लिहून हात झटकले तर? फाईल कचरापेटीत जाते की कायमची नाहीशी होते? फोल्डरचे नाव दिल्यास आतील सर्व काही जाते काय? चुकून पुसलेले परत कसे आणावयाचे? १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून चालत आलेली 'आरएम' ही आज्ञा कचरापेटी जाणत नाही आणि एरवी काही विचारीतही नाही. ती चालविणारा माणूस जाणता असेल, हे त्यात गृहीत होते. ते गृहीतच आज उरलेले नाही.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या अमेरिकी कंपनीच्या एजंटाने एका ग्राहकाचा चालू माहितीसाठा पुसून टाकला. कोणताही बदल करू नये, अशी स्पष्ट ताकीद असताना हे घडले. वर, माहिती परत आणता येणार नाही असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात ती आणता आली. कंपनीच्या प्रमुखाने क्षमा मागितली आणि चाचणीचा साठा चालू साठ्यापासून वेगळा करण्याची व्यवस्था जाहीर केली. धडा दुहेरी आहे. परतीची वाट एजंटाला खात्रीने ठाऊक नसेल तर तो अज्ञानातून ठामपणे बोलतो. आणि केवळ शब्दांची ताकीद म्हणजे कुलूप नव्हे.

एजंट आणि अवजारे यांना जोडणाऱ्या 'एमसीपी' या संकेताने मार्च २०२५ च्या आवृत्तीत अवजाराला 'विध्वंसक' अशी खूण करण्याची सोय केली. बदल करणाऱ्या अवजाराविषयी काही सांगितले नसेल तर ते विध्वंसकच समजावे, हा त्यातील दंडक शहाणपणाचा आहे. परंतु ही खूण केवळ सूचना आहे आणि अविश्वासू पुरवठादाराच्या खुणेवर विसंबू नये, असे तोच संकेत बजावतो.

यावर कंपन्यांचे कैवारी दोन युक्तिवाद करतात. यंत्र हुशार आहे, ते समजून घेईल, हा पहिला. अंतिम जबाबदारी वापरणाऱ्याची, हा दुसरा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. यंत्र समजून घेत असेल तर दोष वापरणाऱ्याचा कसा? आणि समजत नसेल तर ते विकले का? यामागचे अर्थशास्त्र जुनेच आहे. वर्णन नीट लिहिण्यात, अटकाव बांधण्यात जो खर्च वाचतो तो मालकाच्या नफ्यात जमा होतो. जे पुसले जाते त्याचा खर्च समाजाच्या माथी मारला जातो. आणि चौकशीत अखेर सापडतो तो कंत्राटी संगणकचालक.

म्हणून सार्वजनिक कचेरीत असे अवजार येणार असेल तर निविदेतच अटी हव्यात. अवजार काय पुसते, काय पुसत नाही, परतीची मुदत किती आणि माणसाची संमती कोठे लागते, हे वर्णनात स्वच्छ लिहिलेले असावे. संमतीविना पुसणे अवजारालाच अशक्य असावे. प्रत्येक पुसण्याची नोंद एजंटाला हात लावता येणार नाही अशा ठिकाणी राहावी. आणि वर्णनाखाली जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे.

कामगार संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी ही तांत्रिक बाब म्हणून सोडून देऊ नये. कागदी दप्तर जाळणाऱ्याला कायदा जाब विचारतो. कळ दाबून दप्तर पुसविणाऱ्याला तो जाब चुकविता येता कामा नये.