शिकारीआधी वजनाचं गणित

अलास्कातल्या अफोग्नाक बेटावर १९२९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातून आठ एल्क हरणं आणून सोडली. आज तिथे त्यांचे कळप आहेत. कोडियाकहून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने शिकारी तिथे जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याचं सगळं लक्ष बंदुकीवर असतं. खरी तयारी मात्र वजनकाट्यापासून सुरू होते.

या विमानात माणसासकट प्रत्येक किलो मोजला जातो. म्हणून कपडे मोजकेच घ्यावेत, पण खाणं दोन-तीन दिवसांचं जास्त असावं. धुकं दाटलं तर विमान ठरल्या दिवशी येत नाही. स्टोव्हचा गॅस प्रवासी विमानात नेता येत नाही, तो कोडियाकलाच घ्यावा. मोबाइलच्या भरवशावर राहू नये, सॅटेलाइट मेसेंजर जवळ हवाच. विमानाने पोचल्या दिवशी शिकारीला कायद्याने मनाई आहे. तो वेळ तंबूसाठी.

मोठा नर चारशे किलोंच्या वर भरतो. त्याचं खाण्याजोगं सगळं मांस बाहेर आणणं बंधनकारक आहे. त्यात बेटावर तपकिरी अस्वलं आहेत, मांसाचा वास त्यांना लांबून येतो. म्हणून नेम धरण्याआधीच हिशेब करावा: हे ओझं विमानापर्यंत किती खेपांत पोचेल? उत्तर नसेल, तर गोळी झाडू नये.