टू-डी इको घाईत उरकू नका

जिना चढताना आजोबांना धाप लागते. देवळापर्यंत जाऊन येईस्तोवर छाती भरून येते, एखाद्या सकाळी डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, वय झाले. डॉक्टर मात्र स्टेथोस्कोपने छातीतली घरघर ऐकतात आणि चिठ्ठीवर लिहितात, टू-डी इको.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शरीराकडे जाणारे रक्त महाधमनीच्या झडपेतून जाते. निरोगी मोठ्या माणसात ही झडप साधारण 3 ते 4 चौरस सेंटिमीटर उघडते. उतारवयात पाकळ्यांवर कॅल्शियम साचते. काहींना जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. काहींची झडप लहानपणच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली असते. वाट 1 चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उरली, की आजार तीव्र मानतात.

वाट अरुंद झाली की रक्त वेगाने उसळते. तो वेग इकोच्या ध्वनिलहरींनी मोजायचा आणि त्याच्या वर्गाला 4 ने गुणायचे, की झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मिळतो. सेकंदाला 4 मीटर वेग म्हणजे 64 मिलिमीटर पारा. इतके सोपे गणित, पण नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या लिव्ह हाटले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास ते आकसलेल्या झडपेवर पडताळून दाखवले. त्याआधी हा फरक खात्रीने कळायचा, तर रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी घालावी लागे.

अडचण गणितात नाही, हातात आहे. ध्वनिलहर रक्ताच्या धारेला समांतर गेली तरच वेग खरा दिसतो. 30 अंशांनी चुकली, तर 4 मीटरचा वेग साडेतीनच्या आत दिसतो, 64 चा आकडा 48 वर येतो आणि ‘तीव्र’ रुग्ण कागदावर ‘मध्यम’ ठरतो. यंत्र वेग कमी दाखवण्याची चूक सहज करते.

म्हणून मुरलेला तपासनीस एका जागेवर समाधान मानत नाही. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून छातीच्या खालच्या टोकाशी माप घेतो. मग उजव्या कुशीवर वळवतो, जेल पुन्हा लावतो आणि पेन्सिलीसारखा बारीक प्रोब छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला टेकवतो. तो पडद्याकडे पाहतो तितकाच आवाजाकडेही कान देतो. प्रोब केसभर हलला की फुसफुस चढत जाते, शिट्टीसारखी बारीक होते. धार नेमकी सापडल्याची ती खूण. कित्येकदा सर्वांत मोठा आकडा याच उजव्या बाजूला मिळतो. त्यासाठी काही मिनिटे जास्त लागतात, आणि रांग लावून इको उरकणाऱ्या ठिकाणी नेमकी तीच वाचवली जातात.

झडपेचे क्षेत्रफळ काढताना तिच्या अलीकडच्या वाटेचा व्यास मोजतात. त्याचाही वर्ग होतो. 20 मिलिमीटरऐवजी 18 धरले, तर क्षेत्रफळ जवळपास पाचव्या हिश्श्याने घटते. शिवाय हृदयच थकलेले असेल, तर झडप अगदी आकसलेली असूनही वेग कमी भरतो. अशा वेळी हृदयाचा जोर वाढवणारे डोब्युटामिन हे औषध देऊन पुन्हा इको किंवा कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन करावा लागतो.

एवढी काटेकोरी कशासाठी? आकसलेली झडप उघडणारे औषध नाही. ती बदलावी लागते, शस्त्रक्रियेने किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून. हा दुसरा मार्ग फ्रान्समधल्या रुआँ शहरात आलाँ क्रिबिए यांनी 2002 मध्ये पहिल्यांदा वापरला. आजार तीव्र असून त्रास सुरू झाला, की थांबणे जिवावर बेतते. हा निर्णय बहुतांशी इकोच्या आकड्यांवर उभा असतो.

तेव्हा रिपोर्टमध्ये ‘सौम्य’ किंवा ‘मध्यम’ एवढाच शेरा चालवून घेऊ नये. सर्वाधिक वेग, तो छातीवर कुठून मिळाला, सरासरी दाबफरक, झडपेचे क्षेत्रफळ, हृदयाची पंपिंग क्षमता आणि त्या वेळचे ब्लड प्रेशर हे सारे लिहिलेले हवे. इको केंद्रांनी झडपेच्या रुग्णाला दुप्पट वेळ द्यावा. घरच्यांनी जुने रिपोर्ट फायलीत जपावेत आणि दर वेळी सोबत न्यावेत. वर्षभरात वेग किती वाढला, हे त्यातूनच कळते. आणि आजोबांना धाप लागते, हे तपासणाऱ्याला आधीच सांगावे.