अडलेल्या कळा

वस्तीतल्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे, रेशनकार्डाचे किती अर्ज आम्ही जुन्या पोर्टेबल टाइपरायटरवर टाइप केले, त्याची मोजदाद नाही. परवा कळा अडल्या. घरचे म्हणाले, "द्या भंगारात." आम्ही आधी कारण शोधले.

कॅरेज सरकत नसेल व सगळ्याच कळा अडल्या असतील तर कॅरेजची अडकण लागली आहे का, ओळ उजव्या समासाला संपली आहे का, ते पाहावे. दोन दांड्या एकमेकींत गुंतल्या तर बोटाने हलकेच सोडवाव्यात, ओढल्यास वाकतात. दांडी वर जाऊन सावकाश परतत असेल तर खाचांत जुने तेल व धूळ घट्ट झालेली असते. तिथे पुन्हा तेल घालू नये, ते धूळ धरते. जुन्या टूथब्रशला थोडे व्हाइट पेट्रोल लावून खाचा घासाव्यात व फडक्याने टिपाव्यात. रबरी रुळावर थेंब पडू देऊ नये. खिडकी उघडी ठेवावी. स्टोव्ह, विडी आणि मुले दूर.

आमच्या यंत्राला एवढेच पुरले. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचा टाइपरायटर जपून ठेवला आहे. आपल्या घरातल्या यंत्रानेही हक्काचेच कागद लिहिले आहेत. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्याला तासभर द्यावा.