घिरट्यांपुरती जागा

आम्ही चौघा विद्यार्थ्यांनी यंदा बाल्साच्या हलक्या लाकडाचे, इंजिनावर चालणारे छोटे विमान सिद्ध केले. इंजिन अंगठ्याएवढे; पण त्याचे लाड काय वर्णावे! मिथेनॉल विषारी, म्हणून गुरुजींच्या देखत त्यात एरंडेल मिसळायचे, १.५ व्होल्टच्या घटाने प्लगची तार तापवायची आणि पंखा बोटाने नव्हे, काठीने फिरवायचा. नवे इंजिन प्रथम इंधन सढळ सोडून, थांबत थांबत चालवावे लागते. यात दोन रविवार गेले. ते वाया गेले, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

प्रश्न उरला जागेचा. बेळगावास सांबऱ्याचा विमानतळ जवळ. २०२१ च्या ड्रोन-नियमांप्रमाणे विमानतळाच्या परिसरात रेडिओचे विमान परवानगीवाचून उडविता येत नाही. आमचे विमान मात्र पोलादी तारांच्या जोडीस बांधलेले! उडविणारा मध्यभागी उभा राहून हातातील मुठीने त्यास वरखाली करतो व ते त्याच्याभोवती घिरट्या घालते. तारा १५ मीटरच्या. तेव्हा ४० मीटर रुंदीचे, विजेच्या तारांपासून दूर असलेले मैदान पुरे. तसे मैदान शाळेमागेच आहे. परंतु आवाज होतो, या कारणास्तव नकार मिळाला.

आवाज होतो, हे खरे. परीक्षेच्या दिवसांत तो नकोच. पण लग्नसराईत मध्यरात्रीपर्यंत कर्णे सोसणाऱ्या त्या मैदानास रविवारी सकाळी तासभर हा गुंजारव जड का व्हावा? प्रेक्षक दोरीबाहेर, वडीलधारे देखरेखीस, या अटी आम्ही आपण होऊन मान्य केल्या आहेत.

तूर्त विमान प्रयोगशाळेच्या कपाटावर बसून आहे.